दिवाण-मुन्शीचं तोंडीलावणं

दिवाण आणि मुन्शी यांना खाज सुटली, तशी हुमनाबादचे वकील श्रीपतराव यांची झोप उडाली. दिवाण आणि मुन्शी ही दोन कुत्री होती. लांब कानांची, तांबूस रेशमी केसांची ही जोडी कुण्या गोऱ्या साहेबाने विलायतेला परत जाताना तालुकदारसाहेबांना दिली होती, आणि तालुकदारसाहेबांनी मागच्या दौऱ्यावर असताना ती श्रीपतरावांच्या हवाली केली होती. तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा सगळ्यात मोठा अंमलदार. त्याने एखाद्याला कुत्री द्यावीत यामागे काहीतरी मसलत असलीच पाहिजे, असं सगळ्या कचेरीचं मत पडलं. सरकारी वकिलाची जागा लवकरच रिकामी होणार होती आणि ती भरण्याबाबत तालुकदारसाहेबांचा शब्द शेवटचा होता.

नावं तालुकदारसाहेबांनीच ठेवलेली, त्यामुळे बदलायची सोय नव्हती. श्रीपतरावांचं घर कचेरीच्या समोरच. सकाळी ओट्यावर उभं राहून त्यांनी "मुन्शी, गप बस" असं दटावलं की समोरच्या पिंपळाखाली अर्ज लिहीत बसलेले दोघेतिघे मुन्शी मान वर करून पाहत. पुढे त्यांनाही सवय झाली.

कुत्री आली तेव्हा त्यांच्या अंगावर हात ठेवला तर घसरत होता. थंडी पडता पडता त्यांचे केस गळायला लागले. पाठीवर चकत्या पडल्या, कानामागे कोंडा धरला, आणि दोघं दिवसभर मागच्या पायाने स्वतःला असं खाजवत बसत की ओट्यावरच्या पक्षकारांच्याही अंगाला खाज सुटे. सरकारी गुरांच्या दवाखान्यातल्या सलोत्र्याने गंधकाचं पिवळं मलम दिलं. ते कुत्र्यांनी अर्धं चाटून ओकलं आणि उरलेलं श्रीपतरावांच्या शेरवानीला पुसलं. त्या दिवशी अदालतीत मुन्सिफसाहेबांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवून घेतली. घरी आल्यावर श्रीपतरावांनी शेरवानी खुंटीला टांगली आणि बायकोला सांगून टाकलं की आजपासून या दोघांचं काय ते तूच बघ. साहेब पावसाळ्याआधी परत येणार आहेत आणि ही असली तासलेली कुत्री त्यांच्यापुढे उभी करायची माझी छाती नाही.

गीताबाई मंठाळच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. मोठ्या खटल्यात रांधायला शिकलेल्या, हाताला चव असलेल्या. निदान माहेरी तरी असं म्हणत. सासरी आल्यापासून मात्र तसं कुणी म्हटलं नव्हतं. श्रीपतराव स्वभावाने वाईट नव्हते, पण जेवायला बसले की त्यांच्यातला वकील जागा होई. पुढ्यात आलेल्या भाजीची ते उलटतपासणी घेत. वरणाला फोडणी आधी दिली की नंतर? मग लसूण करपला कसा? शेंगदाण्याची चटणी काल तिखट होती, आज तिखट नाही, यातलं खरं कोणतं? शिवाय त्यांना पित्ताचा त्रास होता आणि त्या पित्ताचा आरोपही बहुतेक वेळा चटणीवरच शाबीत होई. गीताबाई ऐकून घेत. आपल्याला आता त्याचं काही वाटत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

कुत्र्यांचं काम अंगावर पडलं तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीने विचार केला. माहेरी बैलांना पोळ्याआधी जवसाची पेंड घालत आणि पोळ्याला बैल आरशासारखे चमकत. बैलाला जे लागू पडतं ते कुत्र्याला का पडू नये? त्यांनी जवस भाजून, कुटून भाकरीवर पसरला. दिवाणने वास घेतला आणि तोंड फिरवलं. मुन्शीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मग त्यांनी लाल भोपळा वाफवून त्यात जवस कालवला. दोघांनी भोपळा चाटला, जवस तसाच राहिला. दही घातलं, तेव्हा जरा बरं दिसलं. शेवटी एक अंडं उकडून, कुस्करून त्यात मिसळलं, चिमूटभर हळद आणि चमचाभर तूप टाकलं, तिखट-मीठ अजिबात नाही, आणि ते सगळं दुधात भिजवलेल्या भाकरीवर थापलं. त्या दिवशी जर्मनची थाळी इतकी स्वच्छ झाली की घासायची गरज पडली नाही. शिळं दिलं तर दोघं ओळखत आणि उपाशी बसत, म्हणून रोज सकाळी ताजं करायचं, असं ठरून गेलं. गीताबाई त्याला तोंडीलावणं म्हणत. माणसांना लोणचं, तसं या दोघांना हे.

घोटाळा झाला तो मुन्सिफसाहेबांना ताप आल्यामुळे. अदालत लवकर उठली आणि श्रीपतराव भर दुपारी, गीताबाईंच्या अंदाजाच्या बरेच आधी, भुकेजून घरी आले. गीताबाई मागे आडावर होत्या. श्रीपतरावांनी दोन-तीनदा हाक मारली, उत्तर आलं नाही, तेव्हा स्वतःच पाट घेतला, शिंकाळ्यातल्या भाकरी काढल्या आणि चुलीच्या कडेला झाकून ठेवलेलं पातेलं उघडलं. गीताबाई घागर घेऊन आत आल्या तेव्हा ते पातेल्याच्या कडा बोटाने पुसत होते.

"हे काय केलंयस आज?" त्यांनी विचारलं.

गीताबाईंच्या हातातली घागर हिंदकळली. "कामून? काय झालं?"

"काय झालं म्हनजे? अगं, आज कुठं जेवल्यावानी वाटायलंय मला. तिखट न्हाई, तेल न्हाई, मीठसुदिक वरून घ्यायला ठेवलंयस. याला म्हंत्यात अक्कल."

ते कुत्र्यांचं आहे, हे शब्द गीताबाईंच्या ओठांवर आले होते. पण लग्न होऊन आल्यापासून असं वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं आणि ते बोलल्याबरोबर लगेच त्याच्यावर पाणी ओतायला त्यांचं मन होईना. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी श्रीपतराव ओट्यावर निर्ण्याहून आलेल्या पक्षकाराला सांगत होते की माणसाने कसं हलकं खावं, आणि आमच्या घरात आज काय झालं होतं. पक्षकार माना डोलवत होता. गीताबाईंनी दारातून ते ऐकलं आणि दिवे लावायला आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी श्रीपतरावांनी पानावर तेच मागितलं. गीताबाईंनी म्हटलं की आज दोडक्याची भाजी केली आहे. श्रीपतरावांनी दोडक्याकडे पाहिलं आणि त्याची साधी चौकशीसुद्धा केली नाही. तेव्हापासून गीताबाई दोन पातेल्यांत करू लागल्या. एक चुलीजवळ राही, दुसरं मागच्या दारी. श्रीपतरावांच्या पातेल्यातून अंडं वगळावं असं एकदा त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी करूनही पाहिलं, पण पहिल्याच घासाला ते थांबले आणि म्हणाले, "आज काहीतरी कमी हाय." इतक्या वर्षांत त्यांच्या जिभेने केलेलं हे पहिलं अचूक निदान. दुसऱ्या दिवशी अंडं परत पडलं.

आता कुत्र्यांना हे कळेना की आपलं तोंडीलावणं धन्याच्या पानात कसं. श्रीपतराव जेवायला बसले की दिवाण उजवीकडे आणि मुन्शी डावीकडे येऊन बसत आणि प्रत्येक घास पानातून तोंडापर्यंत जाताना डोळ्यांनी पोहोचवून येत. श्रीपतरावांना हा जिव्हाळा वाटला. ते त्या पदार्थाला चटणीच म्हणत. एके दिवशी त्यांनी बोटभर चटणी काढून दोघांना दिली आणि ती क्षणात नाहीशी झाल्यावर ते कौतुकाने म्हणाले, "बघ, त्यांनाबी कळायलंय चांगलं-वाईट. रोज थोडी देत जा बिचाऱ्यांना." गीताबाई बरं म्हणाल्या.

होळीच्या आसपास कुत्र्यांच्या पाठीवरच्या चकत्या भरून आल्या. नवे केस आले ते आधीच्यापेक्षा दाट आणि उन्हात तांब्याच्या घंगाळासारखे लखलखणारे. श्रीपतरावांनी त्याचं श्रेय सलोत्र्याच्या मलमाला दिलं आणि दवाखान्यात जाऊन त्याचे आभार मानून आले. ते मलम पहिल्याच आठवड्यात गीताबाईंनी उकिरड्यावर टाकलं होतं, पण सलोत्र्याला ते ठाऊक नसल्यामुळे त्याने आभार स्वीकारले. त्याच सुमाराला न्हाव्याने श्रीपतरावांना सांगितलं की वकीलसाब, औंदा तुमच्या डोक्यातला कोंडा पार गेला, मिशाही मऊ आल्या. श्रीपतरावांनी आरशात पाहिलं आणि त्यांना ते पटलं. ते त्यांनी बदललेल्या हवेवर घातलं.

वकिलांच्या खोलीत ते डबा घेऊन जाऊ लागले. आधी एकाने चव घेतली, मग दुसऱ्याने, आणि थोड्याच दिवसांत "वकीलणबाईंची चटणी" असं तिचं नाव पडलं. कुणी वाटी धाडी, कुणाच्या घरून कृती विचारायला बाई येई. गीताबाई भोपळा, दही, हळद सांगत आणि पुढे पदर तोंडाला लावून म्हणत की बाकी हाताचं असतं. जवस मात्र लपवता येईना. तो त्या आडत्या शिवशंकरप्पांकडून मागवत, आणि आता इतका मागवावा लागत होता की खुद्द शिवशंकरप्पांनी एकदा श्रीपतरावांना बाजारात थांबवून विचारलं, "वकीलसाब, घरी बैल किती बांधलेत?"

श्रीपतरावांनी हसून त्यांना सगळं सांगितलं. शिवशंकरप्पा पेठेतले वजनदार गृहस्थ होते. लिंगायत, कडक आचाराचे, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी न घेणारे आणि दुसऱ्याच्या घरचं अन्न न खाणारे. त्यांच्या शब्दाला तालुकदारसाहेबही मान देत, त्यामुळे श्रीपतरावांना ते आपल्या बाजूला हवे होते. जवस, भोपळा आणि दही यांत आचाराला बाधणारं काहीच नाही, तेव्हा एकदा घरी याच, असा त्यांनी आग्रह केला. शिवशंकरप्पांनी हात जोडले, बघू म्हणाले. पण त्यांच्या मनात ती चटणी बसली. आपल्याच आडतीतल्या जवसाचं काहीतरी अपूर्व होतंय आणि सगळं गाव ते खातंय, आपण सोडून, ही गोष्ट व्यापारी माणसाला सहन होण्यासारखी नव्हती.

तालुकदारसाहेबांचा डेरा गावाबाहेरच्या आमराईत पडला आणि त्याच संध्याकाळी त्यांची मोटार श्रीपतरावांच्या दारात उभी राहिली. साहेब हैदराबादचे कायस्थ, बोलणं उर्दू, माणूस शांत. त्यांनी ओट्यावर बसकण मारून दिवाणला जवळ ओढला, त्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवला, केस विंचरावेत तसे बोटांनी उलगडून पाहिले. मग मुन्शीचे कान पाहिले. साहेबांच्या स्वतःच्या डोक्यावर फेट्याखाली फारसं काही उरलेलं नव्हतं, त्यामुळे की काय, केसांकडे ते बारकाईने पाहत. "कमाल है," ते म्हणाले. श्रीपतरावांनी सलोत्र्याचं नाव सांगितलं आणि स्वतः रोज ब्रश फिरवतो हे हळूच जोडलं. साहेबांनी मान हलवली. उद्या दुपारचं जेवण तुमच्याकडेच घेतो, असं ते उठताना आपणहून म्हणाले. ही गोष्ट सरकारी वकिलाच्या हुकमाइतकीच पक्की समजायला हरकत नाही, असं श्रीपतरावांना वाटलं.

आत येऊन त्यांनी बेत सांगितला. मटण, पुऱ्या, खीर, आणि चटणी मोठं पातेलं भरून. शिवशंकरप्पांनाही बोलवायचं, त्यांचं ताट त्यांच्या घरून येईल, पण पंगतीला ते हवेत.

"बाकी समदं करते," गीताबाई म्हणाल्या. "चटणी दुसरी करते. खोबऱ्याची करते, तिळाची करते."

"कामून? साहेबांनी तीच खाल्ली पायजे."

"ती मोठ्या मान्सापुढं ठेवायची न्हाई."

"मी काय ल्हान मानूस हाय का?"

याला उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. गीताबाई त्या रात्री बराच वेळ जाग्या होत्या. सांगावं तर नवरा उद्याच्या दिवशी साहेबांपुढे तोंड उचलू शकणार नाही. न सांगावं तर जिल्ह्याचा मालक कुत्र्यांचं खाणार. शेवटी त्यांनी असा विचार केला की पदार्थ काही वाईट नाही, स्वच्छ हातांनी केलेला आहे, आणि नवरा तो इतके दिवस खाऊन ठणठणीत आहे. पहाटे उठून त्यांनी जवस भाजायला घेतला.

दुपारी सोप्यात पंगत बसली. साहेब चौरंगावर, बाजूला श्रीपतरावांचे दोन सहकारी वकील, आणि थोडं अंतर राखून, भिंतीकडे, शिवशंकरप्पा आपल्या घरच्या ताटापुढे. गीताबाई आतल्या दाराआड होत्या. पातेली त्या दारापर्यंत आणून देत आणि वाढायचं काम श्रीपतराव स्वतः करत होते. साहेबांनी मटणाची तारीफ केली, बेताची. मग त्यांनी पुरीचा तुकडा चटणीत बुडवून तोंडात टाकला आणि थांबले. दुसरा तुकडा घेतला. मग मटणाची वाटी त्यांनी बाजूला सारली आणि चटणीच जेवू लागले. दोघं वकील एकमेकांकडे पाहून हसले. दिवाण आणि मुन्शी येऊन साहेबांच्या दोन बाजूंना बसले.

शिवशंकरप्पांनी ते सगळं पाहिलं. त्यांच्या ताटात शेंगापोळी होती, वांग्याची भाजी होती, पण त्यांचा हात पुढे चालेना. साहेबांनी तिसऱ्यांदा चटणी मागितली तेव्हा त्यांचा आचार तेवढ्यापुरता वाकला.

"वकीलसाब," ते म्हणाले, "भोपळा-जवस तर हाय. थोडी आमालाबी वाढा."

श्रीपतरावांना धन्य वाटलं. सगळ्या पेठेत शिवशंकरप्पांनी दुसऱ्याच्या घरचा घास घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि तो मान आज तालुकदारसाहेबांच्या देखत आपल्या घराला मिळत होता. ते लगबगीने दाराशी गेले आणि पातेल्याचा काठ धरला. दुसरा काठ गीताबाईंच्या हातात होता. त्यांनी तो सोडला नाही.

"सोड," श्रीपतराव हळू आवाजात म्हणाले.

"अप्पास्नी न्हाई."

"सोड म्हंतो. साहेब बघायलेत."

"बघू द्या. अप्पास्नी न्हाई वाढायची."

पातेलं एकदा आत गेलं, एकदा बाहेर आलं. शिवशंकरप्पांचा पुढे केलेला हात तसाच राहिला आणि मग हळूहळू मागे गेला. त्यांचा चेहरा उतरला. आजवर कुणाकडे न मागितलेली गोष्ट मागितली आणि ती नाकारली गेली, तीही पंगतीत, सगळ्यांना देऊन. त्यांनी उपरणं सावरलं आणि ते उठायच्या बेतात आले. ते असे उठून गेले तर श्रीपतरावांना या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, हे सोप्यातल्या प्रत्येकाला कळत होतं.

गीताबाईंनाही कळत होतं. त्यांनी पातेलं सोडलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "अप्पा, राग मानू नका. त्यात अंडं हाय."

शिवशंकरप्पा परत पाटावर टेकले. आपण कशातून वाचलो हे उमगायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी दाराच्या दिशेने दोन्ही हात जोडले. "अक्का," ते म्हणाले, "तुमी माझं राखलंत."

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. साहेबांनी पुरी उचललीही होती. पण श्रीपतराव वकील होते, आणि साक्षीदाराच्या तोंडून नवी बाब आली की तिच्या मागे जायची त्यांना सवय होती. ते दाराकडे वळले.

"चटणीत अंडं? कामून?"

"चांगलं असतंय."

"कशाला चांगलं?"

"केसाला."

"कुणाच्या केसाला?"

गीताबाई दाराआड सरकल्या. उत्तर आलं नाही म्हणून सगळ्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, आणि पाहता पाहता प्रत्येकाची नजर एकाच ठिकाणी येऊन थांबली. दिवाण आणि मुन्शी साहेबांच्या दोन बाजूंना बसले होते. खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं आणि केस असे चमकत होते की डोळे दिपावेत. मुन्शी साहेबांच्या ताटाकडे आपल्या मालकीच्या वस्तूकडे पाहावं तसा पाहत होता.

साहेबांनी आधी कुत्र्यांकडे पाहिलं, मग ताटाकडे. हातातली पुरी खाली ठेवली. "बाईसाहब," त्यांनी शांतपणे विचारलं, "ये चटनी इनकी है?"

दाराआडून पदर हलला. ते हलणं होकाराचं होतं.

श्रीपतरावांना पुढे बराच काळ तो क्षण आठवत राहिला. मुन्सिफसाहेबांचा ताप, ती दुपार, शिंकाळं, बोटाने पुसलेलं पातेलं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेलं, आणि आपण खाल्लेला प्रत्येक घास आता पुरावा म्हणून रांगेत उभा आहे असं त्यांना वाटलं. डबा चाटून-पुसून खाणारे ते दोघं वकील खाली मान घालून बसले होते. शिवशंकरप्पा आपल्या शेंगापोळीकडे मोठ्या आपुलकीने पाहत होते.

साहेब मात्र विचारात पडले होते. त्यांचा हात नकळत फेट्याकडे गेला, फेटा जरा वर सरला, आणि त्यांनी आपल्या डोक्यावरून तळवा फिरवला. पुन्हा एकदा त्यांनी दिवाणच्या पाठीकडे पाहिलं. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

"वकीलसाहब," ते म्हणाले, "थोड़ी और लाइए."

श्रीपतरावांनी वाढली. साहेबांनी चटणी संपवली, खीर खाल्ली, पान खाल्लं आणि जाताना दाराकडे तोंड करून गीताबाईंना आदाब केला. श्रीपतरावांशी ते हवापाण्याबद्दल बोलले.

सरकारी वकिलाच्या जागेचा हुकूम पुढच्या महिन्यात निघाला. जागा भालकीच्या एका वकिलाला मिळाली. कारण हुकमात लिहिलेलं नव्हतं, पण साहेब जाण्यापूर्वी डेऱ्यावर शिवशंकरप्पांशी बोलले होते आणि शिवशंकरप्पांनी ते बोलणं योग्य वेळ पाहून, हळुवारपणे, श्रीपतरावांच्या कानावर घातलं. साहेबांचं म्हणणं असं पडलं की श्रीपतराव भला माणूस आहे, कायदाही जाणतो. पण आपल्या ताटात काय आहे हे ज्याला महिनोन् महिने ओळखता आलं नाही, त्याला दुसऱ्याने पुढे केलेल्या पुराव्याची पारख कशी होणार?

श्रीपतराव तसेच घराकडे वळले. घरी येऊन पाहतात तो दारात साहेबांचा चपराशी उभा. त्याच्या हातात दोन साखळ्या आणि साखळ्यांना दोन कुत्री, साहेबांच्याच बंगल्यावरची, ठिकठिकाणी केस गेलेली, दमून-भागून खाजवणारी. चपराशी श्रीपतरावांना ओलांडून दाराशी गेला आणि त्याने निरोप सांगितला. ही जोडी साहेबांनी बाईसाहेबांकडे पाठवली आहे. नावं नाझिर आणि पेशकार, हीही कचेरीतल्या हुद्द्यांवरूनच. आणि होईल तेव्हा साहेबांसाठीही एक बरणी भरून द्यावी. गीताबाईंनी पदराआड तोंड नेलं. त्या हसल्या असाव्यात, कारण खांदे हलत होते. लग्नानंतर श्रीपतरावांनी त्यांना असं हसताना पाहिलेलं नव्हतं.

त्या पंगतीपासून श्रीपतरावांच्या पानात रोज दुसरंच काहीतरी पडत होतं. गीताबाई मन लावून करत होत्या. शेंगदाण्याची, तिळाची, कारळाची, जवसाचीसुद्धा, तिखट-मिठाची, माणसांची. श्रीपतराव मुकाट जेवत. उलटतपासणी बंद झाली होती, त्यामुळे जेवण फार लवकर उरकत असे. कधी कधी मागच्या दारी थाळ्या ठेवल्याचा आवाज आला की त्यांचा घास तोंडापर्यंत जाऊन थांबे, आणि मग ते तो खाऊन टाकत.

नाझिर आणि पेशकार घरी रुळले, तेव्हाची गोष्ट. दुपारी श्रीपतराव पाटावर बसले. गीताबाईंनी भाकरी वाढली, कारळाची चटणी वाढली, भाजी वाढली. श्रीपतरावांनी चटणीकडे पाहिलं, ती बोटाने थोडी बाजूला केली, घसा साफ केला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "त्यातलं... थोडं हाय का?"

कशातलं, हे गीताबाईंनी विचारलं नाही. त्यांनी चुलीजवळचं पातेलं उचलून कडेवर घेतलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "पर जरा थांबा. आधी ते चौघं जेवू द्या."

आणि त्या मागच्या दारी गेल्या. श्रीपतराव भाकरीवर हात ठेवून थांबून राहिले.